गाडी निघण्याआधीची अकरा वर्षे

टाटा समूहाच्या टेल्कोने पुण्याजवळ पिंपरीत बस्तान मांडले ते १९६६ साली. तिथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले १९७७ मध्ये. मग मधली अकरा वर्षे तिथले इंजिनिअर करत काय होते?

गाड्या बनवणारी यंत्रे बनवत होते. जमशेदपूरच्या कारखान्यासाठी डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये झालेला करार १९६९ मध्ये संपला. यापुढे नवी गाडी काढायची तर हत्यारेही आपलीच हवीत, हे टेल्कोचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी आधीच हेरले होते. म्हणून पुण्यात आधी उभे राहिले ते प्रशिक्षण आणि मशीन टूलचे विभाग. एवढा धीर आजच्या शेअरबाजाराला झेपला असता का, कोण जाणे!

या कामाची गंमत बाहेरून कळत नाही. ट्रकचा दरवाजाच घ्या. सपाट पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबला की आकार येतो. पण दाब निघाला की पत्रा किंचित मागे उसळतो. किती उसळेल, हे पत्र्याची जात, जाडी आणि वळणाची गोलाई यांवर ठरते. डाय करतानाच तेवढा फरक धरून ठेवावा लागतो. मग डायला निळा रंग लावायचा, दोन्ही भाग टेकवायचे, रंग कुठे उमटला ते पाहायचे, उंचवटा घासायचा आणि पुन्हा टेकवायचे. ड्रॉइंग इंजिनिअरचे असले तरी उंचवटा कळतो तो मुरलेल्या फिटरच्या बोटांना. नवा ट्रेनी पदवी घेऊन येतो आणि त्याचे पहिले गुरू असतात आयटीआय झालेले. ज्याला हे झोंबते, तो लवकरच ऑफिसातली खुर्ची शोधू लागतो.

शॉप फ्लोअरवर बायकांचे काम नाही, अशीही समजूत होती. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे चक्क छापलेले होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडले, पुण्यात मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. याच पुढच्या सुधा मूर्ती.

नव्वदच्या दशकात पिंपरीत इंडिका या मोटारीची तयारी सुरू झाली. ऑस्ट्रेलियात निसानचा कारखाना बंद पडला होता. तिथली लाइन विकत घेऊन, सुटी करून, जहाजाने आणून इथे पुन्हा जोडली. गाडी डिसेंबर १९९८ मध्ये आली आणि पाठोपाठ तक्रारीही: आवाज फार, थरथर फार. नवी गाडी काढायची हौस प्रत्येक इंजिनिअरला असते. विकलेल्या गाडीच्या तक्रारींची चळत उपसायची कुणाला नसते. मूळगावकर मात्र आपल्या काळात दुपारी ढाब्यावर ट्रकचालकांमध्ये बसून त्यांची गाऱ्हाणी ऐकत, असे टाटांच्या गोटात सांगतात. इंडिकाच्या चमूनेही ती चळत उपसली. २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू उतरली आणि टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षे पळवली.