आपल्या शहराचा चेहरा



बक्षीस मिळवणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन! मी शिल्पकार. आज बोलायचंय ते एका चेहऱ्याबद्दल, आपलं शहर वसवणाऱ्या माणसाच्या.

1610 मध्ये खडकी, म्हणजेच आपलं हे शहर, वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. भडकल दरवाजा त्याचा, जमिनीखालून शहरात पाणी खेळवणारी नहरही त्याचीच. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

मुघल बादशहा जहांगीरला तो कधी हाती लागला नाही. रणात साधलं नाही ते अबुल हसन या दरबारी चित्रकाराने कागदावर साधलं: भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि त्यावर बाण रोखलेला बादशहा! प्रत्यक्षात अंबर 1626 पर्यंत ताठ मानेने जगला. त्याची कबर खुलताबादला आहे.

हाशिम या चित्रकाराने मात्र त्याला उभा रंगवला. पांढरा जामा, भरदार अंग, एका बाजूने दिसणारा करारी चेहरा. ते चित्र समोर ठेवून मी शाडूत हात घातला आणि तेच ते पुतळे करून थकलेल्या बोटांत पुन्हा जीव आला. रुंद नाक, भरीव ओठ, जबड्याचा तो उतार. हाताच्या सवयीची सगळी मापं बाजूला ठेवावी लागली.

हा आफ्रिकी चेहरा घडवताना नायजेरियाचे शिल्पकार बेन एन्वोनवू मला नव्याने उमगले. वडील पारंपरिक मूर्तिकार. त्यांच्या पश्चात त्यांची हत्यारं बेनकडे आली. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकूनही त्यांनी तो वारसा सोडला नाही. 1954-55 मधलं त्यांचं ‘अन्यान्वू’ हे ब्राँझ शिल्प जरूर पाहा. इग्बो लोकांच्या सूर्यशक्तीची ही सडपातळ स्त्रीमूर्ती जणू जमिनीतून उसळून वर आलीय. मस्तकी बेनिनच्या राजघराण्यातला साज. देश अजून पारतंत्र्यात होता, पण आपला चेहरा त्याने स्वतःच्या हातांनी घडवला होता.

मित्रहो, वेरूळ तर आपलंच आहे, तिथे जाताच. तितक्याच आदराने आफ्रिकेची शिल्पं अभ्यासा. स्केचबुक घेऊन भडकल दरवाज्यापाशी बसा, खुलताबादला जा. शत्रूने भाल्यावर लावलेलं ते मस्तक तुमच्या मातीत पुन्हा खांद्यांवर येऊ द्या. ते काम या शहरातल्या हातांचंच आहे.