नदीचा नाला कसा होतो?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



स्नानाच्या वेळी सात नद्यांचे स्मरण करून घरच्या तांब्यातील पाण्यालाही तीर्थत्व देणारा आपला समाज आहे. मोरीतून वाहून गेलेल्या त्याच पाण्याचे पुढे काय होते, याची मात्र तो विचारपूस करीत नाही.

पंचगंगेचेच पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच प्रवाहांची ही नदी. कोल्हापुरात कात्यायनीच्या डोंगराकडून येणारी जयंती तिला मिळते. जयंती ही मुळात नदी. आज तिला सारे ‘जयंती नाला’ म्हणतात. निकाल भाषेनेच देऊन टाकला आहे!

कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र झाले, हे खरे. पण उपसा थांबला की नाल्याचे पाणी थेट नदीत जाते. पुढे इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे पाणी येते. सांडपाण्यातील घाण कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे घातलेले, प्रवाह थांबलेला. नवा प्राणवायू मिसळणार कसा? मग तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. साबणा-खतांतील स्फुरदावर जलपर्णी पोसते, ती वेगळीच. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि माणसे दगावली.

पर्यावरणाची आठवण काहींना केवळ गणेशविसर्जनाच्या वेळी होते, ही आपली तक्रार रास्त आहे. पण मग उरलेल्या दिवसांचा हिशेब आपण मागायला नको का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. हे पाणी कोणा परकीयाने सोडलेले नाही. ते तुमच्या-माझ्या घरचे आहे. कारखानदाराकडे बोट दाखवणे त्या मानाने सोपे!

हीच पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. दक्षिणद्वार सोहळ्यात महापुराचे पाणी दत्तपादुकांवरून वाहते आणि भाविक त्यात श्रद्धेने स्नान करतात. वरच्या गावांनी काय सोडले आहे, हे त्यांना ठाऊक असते. तरीही ते उतरतात. त्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे, म्हणूनच वरच्या गावांवर माझा राग आहे.

निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला रस्ता, दिवे सारे विचारा. पण आपल्या प्रभागाचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते आणि तेथील पंप गेल्या वर्षी किती दिवस बंद होते, हे आधी विचारा.