चित्रातले चेहरे, दप्तरातली नावे



जयपूरच्या कछवाहा राजघराण्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास आणि त्या घराण्याची व्यक्तिचित्रे हा आजचा विषय आहे. संपत्तीला तोटा नव्हता, म्हणून चित्रे निर्माण झाली; हिशेब ठेवणारे चोख कारकून होते, म्हणून कागद उरले. परंतु चेहरे एका ठिकाणी आणि नावे दुसऱ्या ठिकाणी, अशी आजची स्थिती आहे. चित्रे व छायाचित्रे मुख्यतः येथल्या सिटी पॅलेसमधील संग्रहालयात आहेत, तर संस्थानच्या दप्तराचा फार मोठा भाग बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. ही दोन टोके जुळवणे हेच संशोधकाचे काम होय. त्याच्या मागोमाग जाणाऱ्या अनुवादकालाही तोच प्रवास करावा लागतो.

प्रथम चित्रांकडे वळू. सवाई रामसिंह दुसरे हे तान्हेपणीच, १८३५ मध्ये, गादीवर आले आणि १८८० मध्ये निवर्तले. पिढ्यान्‌पिढ्या दरबारचे चित्रकार ‘सूरतखान्या’त बसून राजांची चित्रे रंगवीत आले होते. रामसिंहांनी १८६०च्या दशकात कॅमेरा स्वतःच्या हाती घेतला आणि महालात छायाचित्रणाची व्यवस्था उभी केली. त्या काळची रीत ओल्या कलोडियनची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली आहे तोवरच चित्र घेऊन लगेच धुवायची. समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल बसावे लागे. म्हणून या चित्रांतील ताठ मान किंवा मिटलेले ओठ पाहून कोणाला गर्विष्ठ ठरवू नये. तो पुष्कळदा त्या काचेचा परिणाम असतो, स्वभावाचा नव्हे. काच उलटी ठेवून छाप काढली तर डावे-उजवे बदलते. डाव्या कमरेची तलवार उजवीकडे दिसली की संशोधकाने आधी काचेविषयी शंका घ्यावी, मग रिवाजाविषयी.

रामसिंहांनी स्वतःचीही छायाचित्रे काढली वा काढवून घेतली. कोठे ते शस्त्रधारी राजपूत आहेत, कोठे रुद्राक्ष धारण केलेले शिवोपासक. १८६०च्या दशकात त्यांचा कल शैव मताकडे झुकला आणि त्यावरून नगरातील वैष्णव पीठांशी मोठा बेबनाव झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ते दुसरे चित्र केवळ हौसेचे राहत नाही. ती एक भूमिका आहे. राजा आपल्या प्रजेला काय सांगू इच्छित होता, ते तेथे दिसते.

व्यक्तिचित्रांच्या रांगेतून एक भ्रमही उत्पन्न होतो. राजामागून राजा भिंतीवर मांडला की वंश अखंड वाटू लागतो आणि पाहणारा नाकाडोळ्यांतले साम्य शोधू लागतो. वस्तुतः रामसिंहांना औरस पुत्र नव्हता. ईसरदा ठिकाण्यातील कायमसिंह दत्तक आले व माधोसिंह दुसरे झाले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला जाताना गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड रांजण बरोबर नेणारे ते हेच. त्यांच्यानंतर १९२२ मध्ये गादीवर आलेले मानसिंह दुसरे हेही ईसरद्याहूनच दत्तक आलेले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १८७५ मध्ये बडोद्यास सयाजीराव आणि १८८४ मध्ये कोल्हापुरास शाहू महाराज दत्तकविधानानेच आले. घराणे रक्ताने चालते तितकेच विधीने आणि कागदानेही चालते. कागद मात्र भिंतीवर टांगलेला नसतो.

म्हणून दप्तराकडे जावे लागते. दरबारातून कोणाला कोणत्या प्रसंगी काय मान व काय देणगी मिळाली, याची जातवार नोंद ‘दस्तूर कौमवार’ या दप्तरात आहे. तिथ्या विक्रम संवताच्या. त्यांतून मास पाहून छप्पन्न किंवा सत्तावन्न वजा केले की इसवी सन येतो. येथे मराठी माणसासाठी एक वेगळाच चकवा आहे. आपले महिने अमान्त, येथले पूर्णिमान्त. गोकुळाष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी. जयपूरच्या गोविंददेवांच्या मंदिरात तीच ‘भादवा बदी’ अष्टमी असते. दिवस एकच, महिन्याचे नाव निराळे. ‘भादवा बदी’चा आपल्या सवयीने भाद्रपद वद्य असा अनुवाद केला तर घटना महिनाभर पुढे ढकलली जाते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. रामसिंहांच्या संग्रहात जनान्यातील स्त्रियांची छायाचित्रे आहेत. रंगविलेला पडदा, युरोपीय धाटणीची खुर्ची, आणि त्यावर बसून भिंगाकडे सरळ पाहणारी, घुंगट न घेतलेली स्त्री. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांची अशी चित्रे त्या काळी अत्यंत दुर्मिळ होती. त्यांतील बहुतेकींची नावे आज ठाऊक नाहीत. त्या विवाहित राण्या नसून पडदायत, पासवान अथवा जनान्यातील सेविका असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. तरीही अशा चित्राखाली ‘महाराणी’ असे छापण्याचा मोह होतो. पुस्तक देखणे दिसते, वाचकही सुखावतो.

अनुवादकाला तोच मोह शब्दाच्या रूपाने भेटतो. ‘पडदायत’ला मराठीत काय म्हणावे? ‘राणी’ म्हटले तर खोटा मान होतो. ‘रखेली’ म्हटले तर खोटा अपमान. ‘नाटकशाळा’ हा आपल्या पेशवाईतला शब्द जवळचा खरा, पण तो पुण्याचे सगळे वातावरण बरोबर घेऊन येतो. पडदायतीला राजाने जनान्यात स्थान दिलेले असे, तिला पडदा असे, पण विवाह नसे. ही स्थिती एका शब्दात सांगणे मराठीला शक्य नाही. तेव्हा मूळ शब्द ठेवावा व अर्थ एका वाक्यात सांगावा, हेच मला रास्त वाटते.

चित्राच्या बाबतीतही न्याय हाच. पुरुषांची नावे दप्तराने जपली. त्यांना इतिहासात जागा मिळवून देण्याची चिंता आपण करण्याचे कारण नाही. या स्त्रियांजवळ आज केवळ चेहरा उरला आहे. त्याखाली दुसरीचे नाव लिहिले, तर उरलेला चेहराही आपण काढून घेतो. शिवाय चुकीचे नाव एकदा छापले गेले की पुढचा संशोधक शोध थांबवतो. रिकामी ओळ मात्र त्याला बोलावते. एखाद्या वहीत, एखाद्या नेमणुकीच्या नोंदीत, त्या चेहऱ्याचे नाव उद्या सापडू शकेल. तोवर ती ओळ रिकामी ठेवणे हे आपणा सर्वांचे, लेखकाचे, प्रकाशकाचे आणि अनुवादकाचे, कर्तव्य आहे.