कुंपणाची भिंत
(रौप्यमहोत्सवाच्या सायंकाळीं केलेलें भाषण)



आजच्या प्रसंगीं देवळाविषयीं बोलावें अशी आपली अपेक्षा असेल. आम्ही मात्र त्याच्या कुंपणाविषयीं बोलणार आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं चोरट्यांच्या भयानें आम्ही ही भिंत पुरुषाहून उंच केली, वरती कांचा बसविल्या आणि निश्चिंत झालों. पुढें धर्मशिक्षणाच्या वर्गास एक मुलगी रोज उशिरां येऊं लागली. आम्ही तिला चांगलेंच रागें भरलों. तेव्हां ती म्हणाली, "फादर, बागेपासून भिंतीलगतची वाट जवळची आहे, पण तेथें कोणी दिसत नाहीं. म्हणून मी रस्त्यानें वळसा घेऊन येतें." आम्ही निरुत्तर झालों. आपलें सामान राखण्याच्या नादांत आम्ही एक वाट आंधळी केली होती.

या शहरास उद्यानांची उणीव नाहीं. नेरूळचें वंडर्स पार्क, खारघरचें सेंट्रल पार्क सर्वांच्या परिचयाचें आहे. प्रश्न आहे तो दिवेलागणीनंतर तेथें कोण निर्भयपणें बसूं शकतें, हा. व्हिएन्ना शहरांत असें आढळलें कीं नऊ वर्षांच्या सुमारास मुली बागांतून दिसेनाशा होतात. मुलगे मात्र राहतात. १९९९ सालीं तेथें दोन बागांची फेररचना झाली. वाटा वाढविल्या, एका मोठ्या मैदानाचे लहान लहान भाग पाडले. मुली परत आल्या. त्यांना कोणीं उपदेश केला नव्हता!

आणि इतकें दूर तरी कशाला जावें? बेलापूरचें आर्टिस्ट्स व्हिलेज पाहा. गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यांतले चार्ल्स कोरिया यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत तें रचलें. ७ घरें एका लहान अंगणाभोंवतीं, आणि अशा ३ अंगणांचीं २१ घरें मोठ्या मोकळ्या जागेभोंवतीं. पुढें कित्येक घरें पाडून नवीं बांधलीं गेलीं. पण मूळ कल्पना अशी कीं दारें अंगणाकडे उघडावीं, म्हणजे भाजी निवडणाऱ्या आजीचा पहारा आपोआप राहतो. अमेरिकेंत जेन जेकब्स या विदुषीनें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत रस्त्यावरच्या अशाच डोळ्यांचें महत्त्व सांगितलें आहे.

दिवे हवेत, चौकीदार हवा. त्यासाठीं महानगरपालिकेकडे अर्ज करावाच. परंतु आपण काय करतों? मुलीला सातच्या आंत घरीं बोलावतों, आणि मुलगा दहा वाजेपर्यंत कोठें असतो हें विचारीत नाहीं. जितक्या मुली घरांत, तितकी बाग ओसाड. आणि ओसाड बागेस आपण पुन्हां भितों. (पालकांनीं राग मानूं नये, आम्हीही तेंच केलें.)

आतां महोत्सवाच्या शिलकेविषयीं. कमानीवर खर्च करावा असा कांहींचा आग्रह आहे. आमचें मत निराळें आहे. भिंत कमरेइतकी उतरवावी, वर जाळी लावावी, वाटेवर दिवा व बाहेरच्या बाजूस दोन बाकें ठेवावीं. त्या उशिरां येणाऱ्या मुलीस आम्ही जागा दाखविण्यास सांगितलें आहे. रविवारीं उपासनेनंतर ती व तिच्या मैत्रिणी खडू घेऊन भिंतीपाशीं उभ्या राहतील. गवंड्यालाही तेव्हांच बोलाविलें आहे.