उसनं नाक

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या मराठीत नाकाला मोठा मान आहे. अब्रू गेली की नाक कापलं जातं. सरळ माणूस नाकासमोर चालतो, रागीट माणूस नाकावर माशी बसू देत नाही आणि शहाणपणा मिरवणारा नाकानं कांदे सोलतो. पण या सगळ्या वाक्प्रचारांत नाकाचं खरं काम कुठंच येत नाही. वास घेणं हे ते काम. माझ्या नाकानं ते पन्नाशीपर्यंत बिनतक्रार केलं आणि एके दिवशी थांबवलं. त्याविषयी आज थोडं बोलणार आहे.

माझं आडनाव अत्तार. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी पेठेत अब्बांचं आठ फुटी दुकान होतं. काचेच्या बुचांच्या बाटल्या, उदबत्त्या, लोबान, सुरमा. आणि शेजारीच कुंकू, अष्टगंध, बुक्का. ईदला मुसलमान गिऱ्हाईक, गणपतीला आणि आषाढीला हिंदू. बाकीचे दिवस दोघांचे. दुपारी दुकान ओस पडलं की अब्बा माझे डोळे रुमालानं बांधायचे आणि एकेक फाया नाकापाशी धरायचे. हिना, खस, केवडा, मोगरा. मी घाईनं काहीतरी बोलून जायचो. अब्बा म्हणायचे, "पहले याद कर, फिर बोल."

एक बाटली ते शेवटी काढायचे. तिच्यात मातीचं अत्तर असायचं. कनौजला भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात, ते हे अत्तर. ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पावसानंतर येणाऱ्या या वासाला १९६४ साली 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आमच्या दुकानात त्याला नुसतं 'मिट्टी' म्हणत आणि ऐन मे महिन्यात त्याचा फाया कानात घालून गिऱ्हाईक उन्हात निघून जाई. अब्बांच्या पश्चात दुकान बंद झालं. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, पतसंस्थेत कारकून झालो, कविता लिहू लागलो. नाक मात्र दुकानातलंच राहिलं.

२०२१ चा एप्रिल. करोनाची दुसरी लाट आणि नुकताच लागलेला रमजान. मला ताप आला, तपासणीत करोना निघाला. दुखणं सौम्य होतं. माडीवरच्या खोलीत एकटा राहिलो. तिसऱ्या दिवशी खालून डबा आला. त्यात लसणाची चटणी होती. जिभेला झणझणीत लागली, डोळ्यांत पाणी आलं. पण लसूण काही सापडेना. बाम काढून नाकाखाली चोळला. थंडावा लागला, वास नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत येईल. अनेकांचा आला. माझा आला नाही.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे, पण गरजेपोटी वाचत गेलो. नाकाच्या आत अगदी वर, टपाल तिकिटाएवढी एक पातळ त्वचा असते. तिथल्या पेशी वासाचे कण धरतात आणि चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून त्यांचे धागे मेंदूकडे जातात. डोक्याला मार बसून हे धागे तुटले तरी वास जातो. माणसाजवळ असे कण ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. करोनाचा विषाणू मुख्यतः वास ओळखणाऱ्या पेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, असं संशोधनात दिसून आलं. म्हणजे घरातला कमावता माणूस धडधाकट, पण चूल पेटवणारं माणूस आजारी पडलं. घर बंदच.

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, हेही तेव्हाच कळलं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यात असतो तो रसाळपणा, एवढंच समजतं. तिखट ही तर चवच नव्हे, ती आग. वेलची, केशर, आलं, कोथिंबीर ही सारी मंडळी घास चावताना घशामागून नाकात जातात. त्या ईदला शीरखुर्मा माझ्यासाठी गोड, कोमट, दाट असा एक पदार्थ होता. बस. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि छान झालाय म्हणालो. हे पहिलं खोटं.

त्याच सकाळची गोष्ट. टाळेबंदीमुळं नमाज घरातच होती. रिवाजाप्रमाणं अब्बांच्या पेटीतली हिनाची शीशी काढली आणि लावली. लागली की नाही ते कळेना, म्हणून आणखी लावली. मुलगी जिन्यातूनच ओरडली, "अब्बा, पुरी शीशीच उल्टी कर लिये क्या?" सगळे हसले. मीही हसलो. पुढं गावात बातमी झाली. "अत्ताराला वास येईना!" कुणी म्हणे, म्हणजे हलवायाला साखर गोड लागेना. माणसं वाईट नव्हती. आंधळ्याला किंवा बहिऱ्याला कुणी असं हसलं नसतं, एवढंच. या अपंगत्वाला काठी नाही, यंत्र नाही, ते कुणाला दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर, तोवर मीही त्याला अपंगत्व मानत नव्हतो.

ते मानायला लावलं दुधानं. पावसाळ्यातली संध्याकाळ. घरात मी एकटा. दूध तापत ठेवून पुढच्या खोलीत वाचत बसलो. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालूच राहिला. अंधारून आलं म्हणून उठलो आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला. एवढ्यात बाहेरून पत्नी आली. दारातूनच किंचाळली, "बटनाला हात लावू नका!" तिनं पिशव्या टाकल्या, शेगडी आणि टाकी बंद केली, खिडक्या-दारं उघडली आणि मला हाताला धरून अंगणात आणलं. तिचा हात थरथरत होता. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. साऱ्या देशाला सावध करण्यासाठी घातलेला तो वास माझ्यापाशी येऊन मुका झाला होता.

त्या रात्री मी घरात स्पष्ट सांगितलं, मला काहीही वास येत नाही. तोवर 'थोडा थोडा येतो' म्हणत होतो. मग नियम ठरले. शेगडी पेटवली की तिथंच उभं राहायचं. गॅसची गळती ओळखून वाजणारं यंत्र बसवलं. उरलेल्या भाजीवर तारखेची चिठ्ठी. दूध, दही, तेल यांचा निकाल दुसऱ्यानं द्यायचा. अंगाला घामाचा वास तर येत नसेल ना, या धास्तीनं मी तीन-तीनदा अंघोळ करत होतो. तेही मुलीला विचारू लागलो. विचारायला लाज वाटायची. वास ही न विचारता कळणारी गोष्ट. शेजारी मासे तळले, कुणी विडी ओढून आलं, तान्हं पोर ओलं झालं, हे सारं नाक आपल्याला गुपचूप सांगत असतं. ते सांगणारं गेलं की विचारावं लागतं, आणि विचारणारा माणूस थोडा लहान होतो.

सर्वांत अवघड विचारणं वेगळंच होतं. अम्मी २०१९ साली गेली. तिची एक ओढणी मी पेटीत ठेवली होती, धुऊ दिली नव्हती. तिला खसचा आणि पानातल्या काताचा वास होता. अधूनमधून पेटी उघडायचो. वासाची वाट मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या भागांना फार जवळून जोडलेली असते असं म्हणतात. मला ते पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पेटी उघडली की अम्मी स्वयंपाकघरातून हाक मारायची. आजारानंतर पेटी उघडली तेव्हा हातात फक्त सुती कापड आलं. दोन महिने मी कुणाला काही बोललो नाही. मग एके दुपारी पत्नीपुढं ओढणी धरली. म्हटलं, "बघ, आहे का?" तिनं नाकाशी नेली, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खस तो गई. पान की है थोडी."

मला बरं वाटलं. 'आहे, आहे' असं ती म्हणाली असती तर वाटलं नसतं.

या काळात कविता थांबली. एका कार्यक्रमात जुन्या कविता वाचायला उभा राहिलो, तर पानोपानी वास. ओला कडबा, हुरड्याची शेकोटी, लोबान, पहिला पाऊस. वाचताना वाटलं, ही दुसऱ्याच माणसाची वही आहे आणि मी तिच्यावर मानधन घेतो आहे. घरी येऊन मी वासाचे मराठी शब्द लिहून काढले. खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, आंबूस, ओशट, उग्र, दर्प, दरवळ, परिमळ, घमघमाट. भाषेत एवढं सगळं भरून ठेवलेलं. आणि कुणाला विचारावं, कसा वास येतोय, तर उत्तर एकच, 'चांगला येतोय.' ज्यांना नाक आहे त्यांना शब्दांची गरज पडत नाही. मला पडत होती. मी घरच्यांच्या मागेच लागलो. चांगला म्हणजे कसा? कशासारखा? आधी वैतागले, मग रमले. मुलगी एकदा म्हणाली, नव्या वहीचा वास भिजवलेल्या तांदळासारखा असतो. पत्नी म्हणाली, श्रावणातल्या कपड्यांना बंद शाळेचा वास येतो. पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून अशी ओळ मी ऐकली नव्हती. म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

सोलापूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एक साधा उपाय सांगितला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग अशा चार वासांच्या बाटल्या घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, १२ आठवडे तरी. हुंगताना तो वास मनात आठवायचा. ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले. डॉक्टरांना वाटलं, उपाय साधा निघाला म्हणून मी निराश झालो. त्यांना काय सांगणार, की आमच्या आठ फुटी दुकानात हा उपचार माझ्यावर पूर्वीच झाला होता. पहले याद कर.

वास ओळखणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्यानं उगवत राहतात, म्हणून आशा असते. पण सगळ्यांना गुण येतोच असं नाही. मला आला तो अर्धामुर्धा. आधी लवंग आली, लांबून ओळखीच्या माणसानं हात करावा तशी. मग एक विचित्र काळ आला. परतलेला कांदा कुजल्यासारखा, चहा जळक्या रबरासारखा येऊ लागला. पेशी पुन्हा जोडल्या जाताना तारा चुकतात, म्हणून असं होतं असं सांगतात. घरात कांदा परतायचा तर मला गच्चीवर पाठवत. आता ते पुष्कळ निवळलंय. गुलाब मात्र अजून परका आहे.

२०२२ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, १० जुलैला. करोनामुळं दोन वर्षं खंडित झालेली पायी वारी त्या वर्षी पुन्हा निघाली होती. आमच्या शेजारचे तात्या सत्तरी ओलांडलेले, पण तेही गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीनं परत आले. मी कोरमा घेऊन गेलो नाही, त्यांची द्वादशी. शीरखुर्म्याची वाटी घेऊन गेलो. त्यांनी चुरमुरे-बत्तासे हातावर ठेवले आणि बोटानं माझ्या कपाळाला बुक्का लावला. लहानपणापासून लावत आलेत. मी सवयीनं श्वास घेतला. काही नाही.

"तात्या," मी म्हटलं, "वास कसा येतोय याचा?"

तात्यांना माझं दुखणं ठाऊक होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पुडी नाकाशी नेली, विचार केला आणि म्हणाले, "अरे, कसा म्हणजे? तुझ्या अब्बांच्या दुकानात आल्यासारखा."

दुकान बंद होऊन कित्येक वर्षं झाली. मला वाटत होतं, त्या दुकानाचा वास शेवटी फक्त माझ्याच नाकात उरला होता आणि आता तोही गेला. तो तर शेजारी तात्यांकडे होता. गावात आणखी कुणाकुणाकडे असेल.

श्रोते हो, तुमच्या घरात कुणाचा वास गेला असेल, तर हसू नका आणि थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. करोनाच नव्हे, सायनस, डोक्याचा मार, वाढतं वय यांनीही वास जातो; कंपवाताच्या आजारात कधी कधी ही खूण हात थरथरण्याच्या आधी दिसते. गॅसगळतीचा संशय आला तर १९०६ हा मदतीचा क्रमांक लिहून ठेवा. आणि त्या माणसानं विचारलं, वास कसा येतोय, तर 'चांगला' म्हणून मोकळे होऊ नका. क्षणभर थांबा, आठवा आणि मग सांगा. तो तुमच्या नाकानं जगतो आहे.