‘हा धडा घरी वाचा’

आज मी माझ्या राजोडी गावातल्या आणि एकूणच वसईतल्या पालकांशी बोलणार आहे, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा धडा आहे. पुष्कळ वर्गांत तो आला की पानं भराभर उलटतात आणि सांगितलं जातं, “हा धडा घरी वाचा.” घरी कोण समजावणार? आई म्हणते बाबांना विचार, बाबा विषय बदलतात. मग मूल मोबाइल उघडतं. तिथे जे दिसतं त्यात ना माया असते, ना समोरच्याच्या होकाराची पर्वा.

आपल्या कॅथलिकांकडे लग्न ठरलं की चर्चच्या विवाहपूर्व वर्गाला बसावं लागतं. वर्ग मोलाचाच आहे. पण पाळी आली म्हणून घाबरलेली बारा वर्षांची मुलगी, झोपेत कपडे ओले झाले ते आपलं पापच असं मानून कुढणारा मुलगा, यांनी लग्नापर्यंत थांबायचं का?

धर्म आड येतो, असं मला पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरच्या 1965 च्या जाहीरनाम्यातच वाढत्या वयाच्या मुलांना विवेकाने लैंगिक शिक्षण द्यायला सांगितलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये ‘आमोरिस लेतित्सिया’ या दस्तऐवजात याच विषयाला स्वतंत्र भाग दिला. आणि रोझरी म्हणताना मरियेच्या उदराचा उच्चार आपण पन्नासहून अधिक वेळा करतो, लेकरांना शेजारी बसवून. मग ‘गर्भाशय’ म्हणताना जीभ का अडखळावी?

आड आली ती माणसं. संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांना 1925 मध्ये मुंबईच्या विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. कॉलेज मिशनऱ्यांचं होतं, हे आपण ख्रिस्ती माणसांनी विसरू नये. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला चालला, त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तरी दंड झालाच. आणि 2007 मध्ये आपल्या राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली.

शिकवलं नाही तरी कायदा मुलांना लागू होतोच. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलामुलींचे संबंध, दोघांची राजीखुशी असली तरी, गुन्ह्यात मोडतात. किती पोरांना हे ठाऊक आहे?

मग सुरुवात कुठे करायची? रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचे वर्ग भरतातच. आठवी-नववीच्या मुलांसाठी तिथे गावातल्या एखाद्या डॉक्टरबाईंना किंवा नर्सला बोलवा. पहिला वर्ग मात्र आईवडिलांचा घ्या. आणि मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा हेल्पलाइन नंबर आज रात्रीच मुलांकडून पाठ करून घ्या.