सगळ्याजणींचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला खेळांवर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या घरात सगळे हसले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि शाळा सुटल्यापासून माझा धावण्याचा सराव म्हणजे लोणावळ्याच्या फलाटावर सुटणारी लोकल गाठणे एवढाच. तरी मी हो म्हटले. आपल्या खेळांच्या दिवसात एक गोष्ट मला गेली काही वर्षे खटकते आहे, ती आज सगळ्याजणी समोर असताना बोलून टाकते.

आपल्याकडे वर्धापनदिनाला संगीत खुर्ची असते, लिंबू-चमचा असतो, सुईत दोरा ओवणे असते. संगीत खुर्चीला पंचवीस-तीस जणी उभ्या राहतात. पहिल्या फेरीत बाद कोण होते? जिचे गुडघे दुखतात ती. मग जी अंगाने जड आहे ती, नाहीतर जी मंडळात नवी आहे आणि दुसरीला ढकलून खुर्ची धरायला लाजते ती. शेवटी चौघीजणी उरतात, आणि त्या चौघी कोण हे आपल्याला आधीच ठाऊक असते. म्हणजे जिला हातपाय हलवण्याची सर्वांत जास्त गरज, ती सर्वांत आधी सतरंजीवर जाऊन बसते आणि सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवते. पंगतीतून भुकेलीला उठवावे आणि पोट भरलेलीला आग्रह करावा, तसे हे झाले.

आपल्या काही मैत्रिणी हळदीकुंकवाला येतात, सहलीला येतात, पण खेळांच्या दिवशी येत नाहीत. त्यांच्यापैकी एकीला मी कारण विचारले. ती म्हणाली, "टाळ्या तर घरी बसून टीव्हीवरच्या लोकांनाही वाजवता येतात. त्यासाठी डोंगर उतरून कशाला येऊ?" मला उत्तर सुचले नाही.

पण पुण्यात एक दिवस असा पाहायला मिळाला की त्यावरून पुष्कळ सुचले. माझी मुलगी तिथे नोकरी करते आणि एका क्लबात स्क्वॉश खेळायला शिकते. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला नसेल, म्हणून आधी तो सांगते. चारी बाजूंनी भिंती असलेली एक खोली, 32 फूट लांब आणि 21 फूट रुंद. दोघीजणींनी लांब दांड्याची रॅकेट घेऊन एक छोटा रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा. भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते. तिला चेंडू लागला की तो फुकट गेला. भिंतीवरून परत आलेला चेंडू जमिनीवर एकदाच टप्पा घेईल, तेवढ्यात दुसरीने तो मारायचा. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्लंडमधल्या हॅरो नावाच्या शाळेत मुलांनी हा खेळ काढला, आणि साहेबांच्या पलटणी व जिमखाने यांच्याबरोबर तो इकडे आला. जिमखान्यांच्या भिंतीआडच पुष्कळ वर्षे राहिला, म्हणून आपल्यापर्यंत पोचला नाही. पण आपल्या देशाच्या मुलींनी त्यात नाव काढले आहे. 2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लिकल या दोघींनी दुहेरीत सुवर्णपदक मिळवले. 2028 च्या लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठीही हा खेळ घेतलेला आहे.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे या खेळात दोघी समोरासमोर उभ्या राहत नाहीत. मध्ये जाळे नाही. दोघींची तोंडे एकाच भिंतीकडे, आणि दोघी एकाच खोलीत. स्वयंपाकघरात सासूसुना वावरतात तशा एकमेकींना जागा देत वावरायचे. आपण रॅकेट फिरवली तर दुसरीला लागेल असे वाटले, तर मारायचेच नाही. हात आवरायचा आणि 'लेट' म्हणायचे. मग तो डाव पुन्हा. मारण्याआधी थांबले म्हणून गुण जात नाही, हे मला फार सभ्यपणाचे वाटले. दुसरी गोष्ट चेंडूची. पटाईत लोक ज्याने खेळतात त्या चेंडूवर दोन पिवळे ठिपके असतात. तो थंड असताना जमिनीवर टाकला तर मेल्यासारखा पडून राहतो. आधी पुष्कळ वेळ भिंतीवर मारून तो तापवावा लागतो, तेव्हा कुठे उसळतो. नवशिक्यांनी याच चेंडूने सुरुवात केली तर दहा मिनिटांत कंटाळून घरी जातील. म्हणून त्यांच्यासाठी थोडा मोठा आणि जास्त उसळणारा चेंडू वेगळा असतो. तोच खेळ, त्याच भिंती, फक्त चेंडू आपल्या ताकदीचा.

तर त्या क्लबात वर्षातून एक दिवस असा ठेवतात की सभासद कसाही खेळणारा असो, त्याने यायचे, आणि घरच्यांनाही आणायचे. मी गेले ती नुसती बघायला. दाराशीच एका स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्या काढून चौघाचौघांचे गट केले, पण त्यात एक युक्ती होती. पटाईतांचा डबा निराळा, मधल्यांचा निराळा, नव्यांचा निराळा. प्रत्येक डब्यातून नाव काढायचे, म्हणजे प्रत्येक गटात एक तरी चांगला खेळणारा आणि एक तरी कोरा. दर सात मिनिटांनी घंटा. घंटा झाली की गुण काहीही असोत, खेळ थांबवून पुढच्या खोलीत जायचे. एरवीचा डाव 11 गुणांचा, पण त्या दिवशी नव्या माणसाला आरंभीच पाच गुण दिलेले. पटाईतांनी डाव्या हाताने खेळायचे. बाद कोणी व्हायचेच नाही. सगळ्या गटाचे गुण एकत्र मोजायचे, त्यामुळे माझ्यासारखीने एक चेंडू परतवला तरी गटाला तो हवाच असे.

होय, मी खेळले. खोलीच्या लाकडी जमिनीवर काळे डाग पाडणारे बूट चालत नाहीत, आणि माझ्याकडे तर चपलाच. तेवढे निमित्त सांगून मी बाकावर बसले होते, पण माझ्याच वयाच्या एका बाईंनी आपले जास्तीचे बूट काढून दिले. पदर खोचला आणि उभी राहिले. पहिले चारपाच चेंडू हवेतच गेले. मग एक लागला. भिंतीवरून त्याचा जो आवाज येतो ना, तो अजून माझ्या कानात आहे.

आमच्या गटातल्या पटाईत बाई म्हणजे त्या क्लबाच्या जुन्या विजेत्या. चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, "आमच्यासारख्यांबरोबर तुम्हाला कंटाळा नाही का आला?" त्या म्हणाल्या, "जोरात मारून गुण घ्यायला मला काहीच लागत नाही. पण तुम्हाला मारता येईल असा चेंडू मुद्दाम तुमच्या हाताशी आणून टाकणे, तेही डाव्या हाताने, यात माझा घाम निघाला." भगिनींनो, हे वाक्य मी लोकलमध्ये कामशेतपर्यंत मनात घोळवत होते. दुबळीला सांभाळून घेण्यात दयाच असते असे नाही. त्यातही कसब लागते, आणि जिला कसब दाखवायची हौस आहे तिने ते तिथे दाखवावे.

हे ऐकून कोणी म्हणेल, शहरातल्या लोकांचे हे सोहळे. पण आपल्या मंगळागौरीत दुसरे काय असते? श्रावणात मावळात पाऊस असा लागतो की अंगणात पाऊल टाकवत नाही, म्हणून हे सगळे खेळ घरातले. फुगडी घ्या. फुगडीत कोणी कोणावर मात करत नाही. दोघींनी हात घट्ट धरायचे, मागे झुकायचे, आणि एकमेकींचा भार तोलायचा. जड बाई आणि हलकी पोर यांची फुगडी रंगते ती जडीने आपले वजन सावरले तरच. जिला गरगरते तिने झिम्मा खेळावा. जिचे गुडघे धडके तिने बसफुगडी घालावी. सूप, लाटणे, पिंगा, कोंबडा, ज्याला जे झेपेल ते. गुण मांडायला तिथे कोणीच बसत नाही.

मात्र मंगळागौरीला सगळ्या येतात असे मी म्हणणार नाही. जिच्या कपाळाचे कुंकू गेले तिला आपण बोलावत नव्हतो, आणि काही घरांत अजूनही बोलावत नाहीत. ती आली तरी कोपऱ्यात बसते. संगीत खुर्चीत तरी एक फेरी खेळून बाद होता येते. इथे ती खेळाच्या आधीच बाद. आपल्या मंडळात अशा भगिनी आहेत, त्यांतल्या कित्येकींच्या पायांत आजही माझ्यापेक्षा जास्त बळ आहे. खेळांचा दिवस व्रताचा नाही आणि हळदीकुंकवाचाही नाही. त्यांची नावे डब्यात पहिली पडली पाहिजेत, असे माझे मत आहे आणि ते मी ठाम मांडते.

आता आक्षेप. खेड्यावरून येणाऱ्या आपल्या भगिनी म्हणतात, "आम्ही दिवसभर चिखलात वाकून भात लावतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" त्यांच्या कष्टांपुढे माझी मान खाली जाते. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. लावणीत कंबर एकाच बाजूला वाकते, ती उलटी कधी ताणली जात नाही. शरीराला कशाने काय होते हे यंत्रे लावून मोजण्याचा उद्योग आपल्याच लोणावळ्यात झाला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढले ते त्यासाठीच. आणि खेळात आणखी एक असते जे लावणीत मिळत नाही. त्या तासात आपल्याला कोणी कामाला हाक मारत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या तरुण मुलींचा. "सगळ्यांना सारखेच धरले तर जिंकण्यात मजा काय?" त्यांचेही खरे आहे. जी खरोखर चांगली धावते तिला खरी शर्यत हवी. खो-खोचे नियम आपल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली बांधले, आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीला त्या खेळाचा पहिला विश्वचषक झाला तो आपल्या मुलींनी जिंकला. त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. ती मुलगी डाव्या हाताने खेळून तिथवर गेलेली नाही. म्हणून माझे म्हणणे असे की चढाओढीला एक तास निराळा ठेवा, त्यात खो-खो जोरात होऊ द्या, बक्षिसेही द्या. मात्र उरलेला दिवस सगळ्याजणींचा. आणि बक्षिसाचे पातेले देणाऱ्या ज्या दानशूर बाई आहेत त्यांना विनंती, की एका मोठ्या पातेल्याऐवजी सर्वांना पुरेल एवढी चिक्की द्या. लोणावळ्यात तिला काय तोटा!

स्क्वॉशची खोली आपल्याला कुठून मिळणार? तिची गरजही नाही. हा खेळ दमछाक करणारा आहे, छातीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊच नये. आपल्याला बॅडमिंटन बरे. बोरघाटातून आगगाडी सुरू झाली 1863 साली, आणि त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ इतका खेळू लागले की त्याचे एक नावच 'पूना' पडले. म्हणजे तो आपल्या जिल्ह्याचाच म्हणायचा. दोन खांब, एक जाळे आणि शाळेचा हॉल एवढे पुरते. फूल वाऱ्याने उडते, म्हणून हॉलच बरा. जाळे एका बाजूला थोडे खाली बांधले तर उंची नसलेलीलाही मारता येईल. ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून फुग्याने खेळावे. मी घरी सासूबाईंबरोबर करून पाहिले आहे, त्यांनी मला हरवले.

आणि संगीत खुर्ची ठेवायचीच असेल तर खुर्ची काढा, बाईला काढू नका. जिला खुर्ची मिळाली नाही तिने बाहेरच्या रिंगणात झिम्मा धरावा. आत शेवटची खुर्ची उरेपर्यंत बाहेरचे रिंगण मोठे होईल. कोणते रिंगण जास्त रंगते ते आपल्याला दिसेलच.

दिवस कोणता? भात झोडून घरात आले की मार्गशीर्षातला एखादा रविवार धरावा. शाळेच्या हॉलसाठी आधी अर्ज लागतो, तो चिटणीसबाई करतील. नावे आज चहाच्या वेळी लिहून घेते. नावापुढे फक्त एवढेच सांगा, कधी खेळलात, थोडेसे खेळलात, की मुळीच नाही. तीन डबे मी घरून आणीन. बूट असतील त्यांनी जास्तीची जोडी आणावी, नसतील त्यांनी तशाच यावे.